जुनी गाडी घेतली? पहिलं भाडं मारण्याआधी ब्रेक ऑइलपासून कूलंटपर्यंत सगळं शून्यापासून करा

जळगाव/धुळे : "गाडीले काहीच काम नही भाऊ, डिझेल टाका नि चालू पडा." जुनी ४०७, आयशर किंवा पिकअप विकणारा जवळपास प्रत्येक जण हेच सांगतो. घेणाराही घाईत असतो. रावेर-यावलची केळी थांबत नाही, चोपडा-अमळनेरचा कापूस जिनिंगला न्यायचा असतो, साक्री-पिंपळनेरचा कांदा मार्केटला पोहोचवायचा असतो. घरचा माल घरच्या गाडीत जाईल, उरलेल्या दिवसांत चार भाडी मारू, असा हिशेब करून लोक सोनं गहाण ठेवून, पाहुण्यांकडून उसने घेऊन दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी दारात उभी करतात. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यात माल भरतात.

चूक होते ती इथेच.

विकणारा खोटंच बोलतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. तो स्वतः तिसरा मालक, त्याच्याकडे दोन वर्षं गाडी, त्याच्याआधी ती कुठे चालली, कोणी कधी काय बदललं, याची नोंद कुठेच नाही. इंजिन ऑइल बदललेलं असतं, कारण ते सगळ्यांना आठवतं. पण ब्रेक ऑइल, गिअर बॉक्सचं ऑइल, क्राउनचं ऑइल, रेडिएटरमधलं पाणी यांचं कोणी नाव घेत नाही. म्हणून जुन्या गाडीला एकच नियम लावा : ज्याची नोंद नाही ते झालेलंच नाही असं धरा आणि सगळं नव्याने करून घ्या. गाडीची किंमत ठरवतानाच साधारण दहावा हिस्सा या कामासाठी वेगळा ठेवा. सगळे पैसे गाडीवालाच घेऊन गेला, तर मग गॅरेजचं काम 'पुढच्या भाड्यावर' जातं आणि ते पुढचं भाडं कधी येत नाही.

आधी एक पुठ्ठा घ्या

मिस्तरीकडे जाण्याआधी रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा आणि इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत खाली जुने पुठ्ठे अंथरा. सकाळी डाग बघा. पुढे काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. मागच्या हौजिंगखाली घट्ट, गंधकासारखा उग्र वास येणारा डाग म्हणजे क्राउनचं ऑइल. हिरवा किंवा गुलाबी, चिकट पाण्यासारखा असेल तर कूलंट. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर गाडी हलवू नका. ते ब्रेक ऑइल असू शकतं. फोनवर फोटो काढून मिस्तरीला दाखवा, अर्धं निदान तिथेच होतं.

पहिलं काम ब्रेक

लोक पहिला खर्च इंजिनवर करतात, ब्रेक शेवटी. आमच्या मते हे उलटं आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक गेला तर ती कुठे थांबेल ते आपल्या हातात नसतं. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, मध्य प्रदेशाकडून येणारा ट्रक पुढच्या गाड्यांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला होता. किमान १० जणांचा जीव गेला. ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. बिजासन घाट उतरून येणारा हा रस्ता आपल्यातल्या अनेकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. तसाच साक्रीकडून सुरतेला जाताना कोंडाईबारीचा, चाळीसगावकडचा कन्नडचा आणि धुळ्याजवळचा लळिंगचा घाट. भरलेली गाडी घेऊन खान्देशातून बाहेर पडायचं तर बहुतेक वाटांवर एखादा घाट लागतोच.

घाटात ब्रेक का जातो, हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप समजतं. छोट्या गाड्यांना ऑइल ब्रेक असतात. पायाने पेडल दाबलं की ऑइलचा दाब नळीतून चाकापर्यंत जातो आणि लायनर ड्रमवर घासतात. ब्रेक ऑइलची एक खोड आहे, ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे आणखी कमी, नवं असताना २०५ आणि ओल धरल्यावर १४०. उतारावर सतत ब्रेक दाबून चाकाजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. मग ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, पेडल खाली जातं, आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. वरून ड्रम तापून फुगलेला, लायनर गुळगुळीत झालेले. ड्रायव्हर म्हणतो, "अचानक ब्रेक गेला." खरं तर तो पाच वर्षांपासून जात होता.

म्हणून जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढा. डबीत वरून थोडं टाकून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हे चालतं. मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाही तर परत हवा शिरते. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच घ्या आणि सीलबंद बाटलीच घ्या. कपाटात अर्धी उघडी राहिलेली बाटली वापरू नका, तिने ओल धरलेली असते. यापुढे दर दोन वर्षांनी हे काम करायचं. क्लच ऑइलवर चालत असेल तर तिथेही बहुतेक गाड्यांना हेच ऑइल लागतं, त्याच दिवशी बदला.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या जुन्या ४०७ च्या ब्रेकच्या डबीत एका गॅरेजवरच्या पोराने हाताला लागलं ते साधं हायड्रॉलिक ऑइल ओतलं होतं. ट्रॅक्टरला चालतं म्हणून इथेही चालेल, असा त्याचा समज. चार दिवसांत सगळे रबर वॉशर फुगले आणि ब्रेक जाम झाले. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या, सगळं खोलावं लागलं. नशीब, गाडी गावातच होती. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल, डिझेल, ट्रॅक्टरचं ऑइल यांपैकी एक थेंबही जाता कामा नये.

चारही ड्रम खोलून लायनर बघा. व्हील सिलिंडर ओला आहे का ते बघा. रबरी होज वाकवून भेगा दिसतात का ते बघा. मग दोन तपासण्या घरीच करता येतात. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा, हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला. दुसरी बूस्टरची : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासा.

मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात, तिथे ऑइलऐवजी हवेचं बघायचं. टाकीत हवा भरली की इंजिन बंद करून गेजवर लक्ष ठेवा, काटा भराभर पडत असेल तर कुठेतरी हवा गळतेय. हवेच्या टाकीखालचा कॉक रोज सकाळी उघडून पाणी काढायची सवय लावा. पावसाळ्यात तर किती पाणी निघतं ते बघून आश्चर्य वाटेल.

आणि ऑइल कितीही नवं असलं तरी डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. इंजिन बंद करून उतरवणं तर त्याहून वाईट. बूस्टरची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, हे कोणाला सांगायला नको. त्या उन्हात भरलेली गाडी घेऊन निघायचं आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, ही आपल्याकडची जुनी सवय. पाणी जड असतं. त्याचं काय होतं ते आपल्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे : ठिबकचे ड्रिपर क्षारांनी बुजतात, म्हणून आपण नळ्यांतून अ‍ॅसिड सोडतो. रेडिएटरच्या नळ्याही तशाच बारीक असतात. त्या बुजल्या की उष्णता बाहेर पडत नाही, काटा लालवर जातो, हेड गॅसकेट उडतं, पुढे हेड वाकतं. हे काम निघालं की गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गॅरेजमध्ये जातो. (ठिबकचं अ‍ॅसिड मात्र रेडिएटरमध्ये टाकू नका. अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकेल.)

करायचं काय? गाडी पूर्ण थंड झाल्यावर जुनं पाणी खालून काढा. तांबूस, गंजाचं पाणी आलं तर स्वच्छ पाणी भरून, थोडा वेळ चालवून, थंड करून पुन्हा काढा. पाणी साफ येईपर्यंत हे करा. फारच बुजला असेल तर रेडिएटर काढून दुरुस्तीवाल्याकडे द्या. मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरा. बॅटरीत टाकायला मिळतं तेच डिस्टिल्ड वॉटर चालतं, फक्त बाटली पाण्याचीच आहे, अ‍ॅसिडची नाही, याची खात्री करा. काही कॅन 'रेडी टू यूज' असतात, त्यात आणखी पाणी मिसळायचं नसतं. कॅनवर वाचून घ्या. साधं पाणी १०० अंशांवर उकळतं, हे मिश्रण साधारण १०७ वर, आणि वरची कॅप नीट दाब धरत असेल तर त्याहूनही वर. आतला गंजही थांबतो. म्हणजे 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला' हे म्हणणं खरं नाही. उलट आपल्याकडेच ते जास्त लागतं.

रेडिएटरची कॅप, होज पाइप, फॅन बेल्ट हे त्याच दिवशी बदलून टाका, खर्च फार नाही. काही मिस्तरी गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तो परत बसवून घ्या. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

गरम रेडिएटरची कॅप उघडून तोंड-हात भाजून घेतलेले लोक प्रत्येक गावात सापडतील. अर्धा तास थांबा. आणखी एक, काढलेलं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शेळी, कुत्रं, वासरू चाटायला येतं.

इंजिन ऑइल : काळं म्हणजे खराब नाही

डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते दुधाळ ऑइलला. गेजच्या काडीवर किंवा झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. आणि विकायच्या दिवशी ऑइल अगदी नवंकोरं, नेहमीपेक्षा घट्ट असेल तर तेही जरा संशयाने बघा. धूर आणि खडखड लपवायला जाड ऑइल टाकायची युक्ती जुनी आहे.

गाडी घेतल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. फिल्टर जुना ठेवून ऑइल बदलणं म्हणजे आंघोळ करून मळका सदरा घालणं. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांना १५डब्ल्यू-४० ग्रेड लागते, पण पुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून खात्री करा. पुस्तिका नसेल तर फोनवर गाडीचं मॉडेल टाकून शोधा. ऑइल किती लागतं तो आकडाही तिथेच मिळतो. काडीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे भरू नका.

फ्लशिंग ऑइल मारून चेंबर धुवायचा सल्ला काही जण देतात. जुन्या, नोंद नसलेल्या इंजिनाला आम्ही तो देणार नाही. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाका, हजार-दीड हजार किलोमीटर चालवा आणि परत बदला. गाळ हळूहळू निघतो. टायमिंग बेल्टवर चालणारं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला ते कोणालाच सांगता येत नसेल, तर तोही आत्ताच बदला. रस्त्यात तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

ज्यांची आठवण कोणालाच येत नाही

गिअर बॉक्स आणि क्राउनचं ऑइल. अनेक गाड्यांत ते कंपनीतून भरलं त्यानंतर बदललेलंच नसतं. बदलताना एक पथ्य पाळा. आधी भरायचा वरचा बोल्ट उघडतोय का ते बघा, मगच खालचा काढायचा बोल्ट खोला. वरचा गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून ऑइल काढून टाकलं, तर गाडी तिथेच अडकली समजा. ऑइल गाडी फिरवून आणल्यावर गरम असताना काढा. चुंबकावर बारीक राखाडी लगदा दिसला तर चालतो, धातूचे तुकडे आले तर गिअर बॉक्स खोलायची तयारी ठेवा. बॉक्सला सहसा जीएल-४ आणि क्राउनला जीएल-५ लागतं, दोन्हीकडे एकच डबा रिकामा करू नका. काही गिअर बॉक्सच्या पितळी रिंगा जीएल-५ ने खराब होतात.

क्राउनच्या हौजिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. शेतातल्या चिखलाने तो बुजतो. मग आत दाब वाढून ऑइल सील फोडून हबमध्ये येतं, तिथून ब्रेकच्या लायनरवर. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, आणि आपण दोष देतो टायरला. तारेने तो ब्रीदर मोकळा करायला पाच मिनिटं लागतात.

पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, किंगपिन, कमानपाट्यांच्या पिना, चाकांचे बेअरिंग. ग्रीस निपल चिखलाखाली लपलेले असतात, आधी ब्रशने साफ करा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. डिझेल फिल्टर बदला, त्याखालचा पाणी काढायचा कॉक उघडा. एअर फिल्टर हवा मारून परत परत वापरू नका. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर कापसाच्या तंतूंनी चटकन बुजतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली दिसली म्हणून जुना कडक टायर उन्हाळ्यात भरवशाचा नसतो.

युरियावाल्या गाड्यांसाठी

२०२० नंतरच्या बीएस-६ आणि त्याआधीच्या काही मोठ्या ट्रकना डिझेलशिवाय डीईएफ लागतं. ड्रायव्हर त्याला 'युरिया' म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरात युरियाची गोणी पडलेली असते, मग ती पाण्यात कालवून टाकीत. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशय शुद्ध युरिया आणि खनिजं काढलेलं पाणी असतं. आपल्या गोणीतला युरिया नीमकोटेड असतो. त्या कडुनिंबाच्या लेपाने आणि बोअरच्या क्षाराने नोझल चोक होतो, आणि दुरुस्तीचं बिल गोणीच्या भावाशी तुलना करण्यासारखं नसतं.

कागद आणि फोन

कागदांबद्दल थोडक्यात. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी आणि ई-चलन बघा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो. मागच्या मालकाचं कर्ज आरसीवर बोजा म्हणून दिसत असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा आपल्या नावावर करण्यासाठी कायद्याने १४ दिवसांची मुदत दिली आहे, ती चुकवू नका.

गॅरेजमध्ये काम चालू असताना स्वतः थांबा. प्रत्येक ऑइलच्या कॅनचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलं तर उत्तमच. जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजवाल्याकडे ते घेऊन जाणारा माणूस येतो.

सगळं झालं की गाडी रिकामीच वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघा, एकदम हात टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट बसलंय. मग रात्री पुन्हा तेच पुठ्ठे गाडीखाली अंथरा. सकाळी ते कोरडे असतील, तर केळी भरायला हरकत नाही. पहिल्या खेपेला निम्मीच भरा आणि घाट नसलेली वाट धरा.